झाडातळीची कोरडी जमीन : प्रस्तावना

दिल्लीच्या जुन्या वसाहतींत, सरकारी बंगल्यांच्या आवारांत आणि गुरुग्राम-नोएडाच्या गृहसंकुलांत मोठ्या झाडांखाली जमिनीचा एक उघडा पट्टा हमखास आढळतो. तेथे हरळी पिवळी पडून नाहीशी झालेली असते, पायदळी तुडवून घट्ट झालेल्या मातीवर धुळीचा थर बसलेला असतो आणि पावसाळ्यात हौसेने लावलेली रोपे पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळून गेलेली असतात. हा पट्टा म्हणजेच प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय. उद्यानशास्त्रात अशा जागेसाठी ‘कोरडी सावली’ ही संज्ञा वापरतात. जेथे झाडाच्या पर्णसंभारामुळे रोपांना प्रकाश कमी मिळतो आणि त्याच झाडाच्या मुळांमुळे पाणीही कमी मिळते, अशी जागा या संज्ञेने दर्शवली जाते. या दोन उणिवांपैकी पहिली डोळ्यांना दिसते आणि दुसरी दिसत नाही, म्हणून बहुतेक लागवड करणारे ‘सावलीत वाढणारी’ रोपे मागतात, रोपवाटिकेवालाही तशीच रोपे देतो, आणि ती मरतात ती अंधारामुळे नव्हे, तहानेमुळे.

मराठी वाचकाच्या मनातील सावलीची कल्पना या बाबतीत विशेष फसवी ठरते. कोकणातील आगरात किंवा गोव्यातील कुळागरात नारळ-सुपारीच्या सावलीत मिरीचे वेल चढतात, जायफळ वाढते, खाली हळद, आले, अळू आणि केळी दाटीने उभ्या राहतात. सावली म्हणजे गारवा आणि गारवा म्हणजे ओल हे समीकरण या अनुभवातून घट्ट झालेले आहे. परंतु कुळागराची ओल सावलीने निर्माण केलेली नसते. पाटाने किंवा शिंपणाने तेथे पाणी फिरवलेले असते, आणि हवेतील दमटपणामुळे ते लवकर उडून जात नाही. नोकरी-बदलीच्या निमित्ताने दिल्लीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गावाहून सोनटक्क्याचे कंद किंवा हळदीच्या कुड्या आणून कडुनिंबाखाली लावतात तेव्हा त्यांच्या हाती बहुधा काहीच लागत नाही, याचे कारण या दोन सावल्यांमधील फरकात आहे.

केवळ पावसाच्या आकड्यांवरून मात्र दिल्लीचा कोरडेपणा कळत नाही. दिल्लीचा सरासरी वार्षिक पाऊस साधारण ७५० ते ८०० मि.मी. आहे आणि पुण्याचा पाऊसही त्याच्याच आसपास जातो. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात तर वर्षाला ६०० मि.मी.पेक्षाही कमी पाऊस पडतो. त्याच परगण्यात बेथ चॅटो या उद्यानतज्ज्ञ बाईंनी आपली प्रसिद्ध बाग उभी केली आणि १९७८ साली ‘द ड्राय गार्डन’ हे पुस्तक लिहून कोरड्या जागेतील लागवडीला प्रतिष्ठा मिळवून दिली. जागेला साजेल ते रोप निवडावे, रोपासाठी जागा बदलत बसू नये, हे त्यांचे तत्त्व दिल्लीलाही लागू पडते; त्यांच्या देशातील रोपांच्या याद्या मात्र लागू पडत नाहीत. एसेक्सचा पाऊस थोडा असला तरी तो बाराही महिने विखुरलेला असतो आणि तेथील उन्हाळा सौम्य असतो. दिल्लीत वर्षाच्या पावसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक पाऊस मॉन्सूनच्या तीन महिन्यांत पडून जातो, ऑक्टोबरपासून जूनपर्यंत हिवाळ्यातील तुरळक सरींखेरीज फारसे काही मिळत नाही, आणि एप्रिल-जूनमध्ये पश्चिमेकडून वाहणारी लू ही उष्ण, अतिशय कोरडी हवा पानांतील पाणी अक्षरशः ओढून काढते. त्यानंतर सहा-सात महिन्यांत तापमान तीन-चार अंशांपर्यंत उतरू शकते. वर्षातून एकदा भाजणारी आणि एकदा गोठवू पाहणारी ही हवा सहन करणारी वनस्पती आधीच विरळ. तिने वर सावलीही सहन करावी ही अपेक्षा तिला आणखी विरळ करते.

झाडाखालची जमीन नेमकी किती आणि का कोरडी असते, हे समजण्यासाठी मुळांविषयीचा एक रूढ गैरसमज दूर करावा लागतो. झाडाचा विस्तार जमिनीवर जसा, तसाच उलटा जमिनीखाली असतो, अशी चित्रे शालेय पुस्तकांतून दिसतात. प्रत्यक्षात पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्यांपैकी बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या ३० ते ६० से.मी. थरात असतात आणि त्या पर्णसंभाराच्या कडेच्याही बऱ्याच बाहेर पसरलेल्या असतात. नवे रोप ज्या थरात आपली मुळे सोडते, त्याच थरात झाडाचे जाळे आधीपासून बसलेले असते. हलकी सर आली तर तिचे बरेचसे पाणी पानांवरच अडते आणि तेथूनच वाफ होऊन जाते. जमिनीपर्यंत पोचते ते प्रथम झाड घेते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे अनेकांचा पैसा वाया जातो. झाडाखाली खड्डा काढून त्यात शेणखत आणि नवी माती भरली, रोज पाणी दिले, तर पहिल्या वर्षी रोपे तरारतात. झाडाच्या मुळ्यांना मात्र या मेजवानीचा सुगावा लागायला वेळ लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोच वाफा खणून पाहिला तर तो बारीक मुळ्यांच्या गादीने भरलेला आढळतो आणि खत रोपांना घातले असले तरी ते झाडाने खाल्लेले असते.

प्रकाश आणि पाणी या दोन्हींच्या टंचाईत एकाच वेळी जगणे वनस्पतीला अवघड का जाते, याचे कारण पानाच्या रचनेत आहे. मंद प्रकाशात वाढणाऱ्या वनस्पती आपली पाने रुंद, पातळ आणि आडवी पसरलेली ठेवतात. प्रकाशाचा मिळेल तो कवडसा टिपण्यासाठी हा पृष्ठभाग आवश्यक असतो आणि अन्ननिर्मितीचा वेग कमी असल्याने मुळांवर खर्च करण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही. कोरड्या प्रदेशातील वनस्पतींची रीत याच्या अगदी उलट असते. पाने लहान, जाड किंवा लवदार, मुळे खोल आणि विस्तृत. आणि एवढी मुळे पोसायची तर भरपूर ऊन हवे. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटात असा अंगावर येतो. म्हणून नेचे, कॅलाथिया, बिगोनिया ही दमट अरण्यांतील सावलीप्रिय मंडळी दिल्लीच्या झाडाखाली तग धरत नाहीत, आणि निवडुंग किंवा बोगनवेल ही उन्हातली मंडळी तेथे जगली तरी उंच, फिकट आणि फुलांविना राहतात. पर्णसंभारातून गाळून आलेल्या प्रकाशात तांबड्या किरणांचे प्रमाण घटलेले असते आणि त्यांच्यापलीकडील दीर्घलाल किरणे टिकून राहतात. वर दुसरे झाड असल्याची खूण वनस्पती यावरून ओळखते आणि उन्हाच्या शोधात कांडी लांबवीत जाते, असे वनस्पतिशास्त्र सांगते.

तथापि काही वनस्पतींनी या पेचातून वाटा काढलेल्या आहेत आणि त्या वाटा ओळखता आल्या की निवड बरीच सोपी होते. काही जणी पाणी साठवतात: शतावरीच्या मांसल मुळांचा झुबका, क्लोरोफायटमची पांढरी जाड मुळे, नागदवण्याचा जमिनीतील मोठा कंद, ही सारी पाण्याची कोठारेच होत. सान्सेव्हिएरिया, म्हणजे कुंडीत सर्वत्र दिसणारी पट्टेदार ‘स्नेक प्लांट’, ही आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेऊन रात्री उघडते आणि रात्रीच्या तुलनेने थंड हवेत कार्बन डायॉक्साइड घेऊन ठेवते, त्यामुळे तिच्या पानांतून पाणी फारच कमी जाते. काही झुडपांची पाने चिवट आणि मेणचट असतात, ही झुडपे वाढ अगदी मंद ठेवतात आणि मिळेल त्यात भागवतात. आणि काहींनी वेळापत्रकच असे आखलेले असते की वरचे झाड निष्पर्ण असेल तेव्हा वाढावे, त्याने पाने धरली की विश्रांती घ्यावी. शेवटच्या या वाटेमुळे विचाराचे केंद्र रोपावरून झाडाकडे सरकते आणि या पुस्तकाची मुख्य भूमिकाही तीच आहे: झाडाखाली काय लावावे हा प्रश्न ‘कोणत्या झाडाखाली’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज विचारताच येत नाही.

दिल्लीपुरता हा प्रश्न इतिहासाशी जोडलेला आहे. १९११च्या डिसेंबरात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात रस्त्यांची आखणी आणि वृक्षांची लागवड हातात हात घालून चालली. वृक्षलागवडीच्या या कामात डब्ल्यू. आर. मस्टो या उद्यानतज्ज्ञाचा वाटा मोठा होता. एका रस्त्याला बहुतांशी एकच जात असा नियम ठेवून जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, चिंच, पिंपळ यांसारखी मोजकी, बहुशः सदापर्णी किंवा अल्पकाळच निष्पर्ण होणारी झाडे तेव्हा निवडली गेली. आज कर्तव्यपथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपथावरील जांभळांच्या रांगा, जनपथावरील अर्जुन आणि अकबर रोडवरील चिंचा हे त्या निवडीचे परिचित नमुने आहेत. आताच्या ‘सुंदर नर्सरी’ची सुरुवातही नव्या राजधानीसाठी झाडे वाढवून पाहण्याच्या याच गरजेतून झाली, पुढे आगा खान सांस्कृतिक न्यासाने तिचे पुनरुज्जीवन केले आणि २०१८ साली ती लोकांसाठी खुली झाली. हेतू होता वर्षभर सावली मिळण्याचा. तो सफळ झाला, आणि त्याच वेळी झाडांखाली वर्षभर प्रकाश न पोचणारी जमीनही तयार झाली, जिच्या लागवडीचा विचार मूळ आराखड्यात फारसा नव्हता. प्रदीप कृशन यांच्या ‘ट्रीज ऑफ देल्ही’ (२००६) या पुस्तकामुळे शहरातील वृक्षांची ओळख सामान्य वाचकाला होऊ लागली. वृक्षांच्या पायथ्याशी काय वाढावे, याविषयी मात्र असे सुगम साहित्य थोडेच आहे.

झाडागणिक सावली बदलते ती अशी. जांभूळ आणि सातवीण यांची सावली बाराही महिने दाट असते. सातविणीला दिल्लीत सप्तपर्णी म्हणतात, ऑक्टोबरात तिच्या उग्र वासाने गल्ल्या भरतात, आणि गेल्या काही दशकांत राजधानी परिसरात ती इतकी लावली गेली आहे की कोरड्या सावलीचा प्रश्न आता मुख्यतः तिच्याखालीच भेटतो. कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये पाने बदलतो, परंतु उघडा फार काळ राहत नाही. त्याची सावली जांभळापेक्षा विरळ असते आणि तिच्यातून सरकते कवडसे येतात, त्यामुळे लागवडीच्या दृष्टीने तो बराच उदार म्हणावा लागेल. पिलखन हा वड-पिंपळाच्या गोत्रातील वृक्ष वसंतात जेमतेम काही दिवस निष्पर्ण होऊन तांबूस पालवीने भरून जातो. त्याची मुळे मात्र जमिनीच्या पृष्ठभागावर उघडी पडलेली असतात आणि तेथे कुदळ मारायलाच जागा नसते. शिरीष आणि काटेसावर हिवाळ्याच्या उत्तरार्धात पाने टाकतात, शिरिषाच्या वाळक्या शेंगा तेव्हा वाऱ्यावर खुळखुळत राहतात, आणि नेमक्या त्याच काळात दिल्लीचे ऊन हवेहवेसे असते. बहाव्याची गंमत वेगळी: तो भर उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतो, मे महिन्यात फुलतो आणि खालच्या रोपांवर त्यांना सर्वांत नको असलेल्या वेळी ऊन पाडतो. चिंचेखाली काही उगवत नाही हा समज महाराष्ट्रात आणि उत्तरेतही सारखाच प्रचलित आहे. निलगिरीविषयीही असेच म्हटले जाते. काही झाडे पाने-मुळांतून इतर रोपांच्या वाढीस बाधक अशी द्रव्ये सोडतात हे खरे असले, तरी व्यवहारात दोष बहुधा द्रव्यांपेक्षा कोरडेपणाकडेच अधिक जातो.

यात सूर्याच्या उंचीचीही भर घालावी लागते. दिल्ली सुमारे २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर येतो, तर २१ जूनच्या सुमारास तो ८५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. परिणामी हिवाळ्यात उंच बुंध्याच्या झाडाखाली दक्षिणेकडून ऊन तिरपे आत शिरते आणि उत्तरेकडील बाजू मात्र झाडाच्या दूरवर पसरलेल्या छायेत राहते. पुण्यात हाच हिवाळी सूर्य सुमारे ४८ अंशांपर्यंत चढतो. एकाच झाडाची दक्षिण बाजू आणि उत्तर बाजू दिल्लीत दोन निरनिराळ्या बागा आहेत, हे म्हणून वावगे ठरणार नाही, आणि खालच्या फांद्या बेताने छाटून बुंधा उंच ठेवला, तर दक्षिणेच्या बागेला हिवाळ्यात चांगला प्रकाश मिळू शकतो. छाटणी अर्थातच परवानगीने. दिल्लीत १९९४चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे.

या सर्वांकडे दुर्लक्ष करून झाडाखाली हिरवळ करण्याचा आग्रह हा राजधानी परिसरातील गृहसंकुलांचा सर्वांत महागडा छंद आहे. दिल्लीत ‘दूब’ म्हणून विकली जाणारी हरळी उघड्या उन्हाची वनस्पती आहे. तिला सावलीत वाढवण्यासाठी दर पावसाळ्यात नवे गालिचे आणून अंथरणे, त्यांना दिवसातून दोनदा पाणी देणे आणि हिवाळ्यापर्यंत ते विटलेले पाहणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि त्यासाठी वापरले जाणारे पाणी अनेक ठिकाणी खारट भूजलाचे असते. नजफगढ आणि त्यालगतच्या भागात खारट पाण्याने मातीत क्षार साठत जातात. आधीच अल्कधर्मी असलेली येथील माती त्यामुळे आणखी बिघडते. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत सुखाने वाढणारे अनंत किंवा इक्झोरा दिल्लीत पिवळट पडतात त्याचे कारण पुष्कळदा हेच असते: लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही.

मग नमुना कोठे शोधावा? तो शहराच्या हद्दीवरच आहे. अरवलीची उत्तरेकडील शेवटची टोके दिल्लीच्या ‘रिज’ या टेकडीरांगेच्या रूपाने शहरात शिरतात, आणि गुरुग्राम-फरीदाबादच्या सीमेवर मांगर गावाजवळ ‘मांगर बनी’ ही देवराई अद्याप टिकून आहे. गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेल्या या राईत कुऱ्हाड चालवायची नाही, असा परिसरातील गावांचा दंडक आहे. महाराष्ट्रातील धावड्याचा जवळचा आप्त असलेला ‘धौ’ हा बुटका, झुकत्या फांद्यांचा वृक्ष तेथे दाटीने वाढतो. खाली गारगोटीच्या जातीचा क्वार्टझाइट खडक आणि वितभर माती. कोरडी सावली तेथे कोणी निर्माण केलेली नाही, ती तेथील स्वाभाविक स्थिती आहे, आणि तरीही जमीन उघडी नाही. देवराईची कल्पना मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. सह्याद्रीतील रायांमध्ये जे पाहायला मिळते, त्याचेच हे अधिक रखरखीत रूप आहे. चामरोड नावाने तेथे ओळखले जाणारे झाड तर आळंदीचा अजानवृक्षच होय.

या टेकड्यांवरील खालच्या थरातील वनस्पती पाहू लागल्यावर मराठी वाचकाला पुष्कळ ओळखीचे चेहरे दिसतात. जे. के. माहेश्वरी यांच्या ‘द फ्लोरा ऑफ देल्ही’ (१९६३) या ग्रंथात त्यांची शास्त्रीय नोंद आहे. पहिला मान अडुळशाचा. खोकल्याच्या काढ्यामुळे घरोघर माहीत असलेले हे सदापर्णी झुडूप रिजवर विलायती किकराखालीही, म्हणजे वेड्या बाभळीखालीही, टिकून आहे. शेळ्या-गुरे त्याला तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी ते रुजते, हिवाळा सरताना पांढरी फुले धरते, आणि झाडाखाली पुरुषभर उंचीची हिरवी पार्श्वभूमी हवी असेल, तर त्याहून भरवशाचे दुसरे काही सुचवणे कठीण आहे. आश्चर्य असे की ते रोपवाटिकांत क्वचितच विकायला असते. जे फुकट मिळते त्याला बागेत प्रतिष्ठा नसते, हा जुनाच अनुभव. त्याखालोखाल कोरांटी, जिला दिल्लीत वज्रदंती म्हणतात: काटेरी, पिवळ्या फुलांची, अर्ध्या सावलीत उत्तम. चित्रक हा पांढऱ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा. मात्र त्याच्या मुळाच्या रसाने त्वचेवर फोड येतात, त्यामुळे लहान मुलांच्या खेळण्याच्या जागी तो नको. शतावरी आधाराला काठी दिली की वर चढते आणि बाकी काही मागत नाही. कंथारीच्या गोत्रातील काटेरी ‘हींस’ कुंपणाच्या कडेला चालते. आघाडा आपोआप येतो. गणेशोत्सवात पत्रीसाठी त्याची शोधाशोध करणाऱ्या दिल्लीकर मराठी कुटुंबांनी तरी तो तण म्हणून उपटून टाकू नये.

अशा स्थानिक वनस्पती पुन्हा लावण्याचे मोठे प्रयोग राजधानी परिसरात झालेले आहेत. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली उभी राहिलेली जैवविविधता उद्याने हा त्यांपैकी एक, आणि खाणकामाने पोखरलेल्या जमिनीवर नागरिकांच्या पुढाकाराने वाढवलेले गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान हा दुसरा. २०२२ साली या उद्यानाला संरक्षित क्षेत्रांबाहेरील संवर्धनस्थळ म्हणून देशात पहिल्यांदा मान्यता मिळाली. या प्रयोगांचा भर वृक्षांवर आणि समग्र अधिवासावर असला, तरी घराजवळच्या एका झाडाखालच्या जागेसाठीही त्यांतून शिकण्यासारखे आहे: एकटे रोप लावण्यापेक्षा तीन-चार जातींचा समूह लावला, तर जमीन लवकर झाकते.

केवळ स्थानिक वनस्पतींचा हट्ट मात्र या पुस्तकात धरलेला नाही. शहरातील बाग ही देवराई नसते, आणि सौंदर्याची, नीटनेटकेपणाची, कधी केवळ सवयीची मागणीही रास्त असते. बाहेरून आलेल्या परंतु दिल्लीत दीर्घकाळ सिद्ध झालेल्या रोपांत सान्सेव्हिएरिया आणि क्लोरोफायटम यांचा उल्लेख वर आलाच. त्यांच्या जोडीला जांभळ्या पाठीच्या पानांची ‘रिओ’, सावलीतही पांढरी फुले देणारी स्पायडर लिली, संथ वाढणारा रॅफिस पाम आणि कुंपणाला कुंती, जिला उत्तरेत कामिनी म्हणतात, यांची नावे घ्यावी लागतात. कुंती सावलीत हिरवी राहते, फुलते मात्र बेताचीच. हिवाळ्यात उघड्यावरील रोपे थंडीने आणि दहिवराने करपतात तेव्हा झाडाखालची रोपे बरीच वाचतात, कारण वरचा पर्णसंभार जमिनीतील उष्णता रात्री आकाशात निघून जाऊ देत नाही. कोरड्या सावलीच्या तोट्यांचा हिशेब मांडताना हा लाभ सहसा विसरला जातो. दोन वनस्पतींविषयी मात्र स्पष्ट विरोध नोंदवणे आवश्यक आहे. पिवळ्या फुलांची वेडेलिया आणि घाणेरी या दोन्ही जगातील शंभर अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत, आणि ‘झाडाखाली काहीही करून हिरवे हवे’ या मागणीला उत्तर म्हणून वेडेलिया आजही सर्रास विकली जाते. ती पसरते, हे खरे. थांबत नाही, हेही खरे.

लागवडीच्या पद्धतीविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे येथे फक्त तिच्यामागील विचार सांगणे पुरे. झाडाखाली लागवड करणारा हा पाहुणा असतो आणि यजमान झाड असते. म्हणून सलग वाफा खणण्याऐवजी मुळ्यांच्या मधल्या फटी शोधून लहानलहान खड्डे घ्यावेत, अंगठ्याहून जाड मुळी तोडू नये, आणि बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये. वरून अर्धा फूट माती लोटली, तर खालच्या बारीक मुळ्यांना हवा मिळेनाशी होते आणि झाड काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, तेव्हा कोणाला त्या मातीची आठवणही राहत नाही. मोठी तयार रोपे घेण्यापेक्षा छोट्या पिशवीतील कोवळी रोपे निवडावीत, कारण ती लहान फटीत बसतात आणि आपली मुळे तेथील परिस्थितीला जुळवून वाढवतात. लावण्याची वेळ एकच: मॉन्सून दिल्लीत साधारण जूनच्या अखेरीस पोचतो, त्यानंतरचे चार-पाच आठवडे. फेब्रुवारीतील आल्हाददायक हवेत लावलेल्या रोपाला मुळे धरण्याआधीच लूला तोंड द्यावे लागते. रोज थोडे पाणी देण्याने फक्त वरचा थर भिजतो आणि मुळे वरच राहतात. आठवड्यातून एकदा पण खोलवर पाणी दोन उन्हाळे दिले की वर सांगितलेल्या बहुतेक वनस्पती पुढे आपल्या पायावर उभ्या राहतात.

पाणी मुरायला जमीन मोकळी हवी, ही गोष्ट दिल्लीत न्यायालयीन आदेशाने सांगावी लागली. बुंध्याभोवतीचे काँक्रीट किमान एक मीटर त्रिज्येत काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला. त्यानंतरही पदपथांच्या नव्या फरश्या पुष्कळदा खोडाला चिकटूनच बसवल्या जातात. गळलेल्या पानांची कथाही तशीच. पाने जाळण्यावर लवादाने बंदी घातली आहे, तरी ती झाडून, पिशव्यांत भरून कचऱ्यात पाठवली जातात, आणि त्याच आवारात पैसे मोजून खत आणले जाते. कडुनिंबाची पाने लवकर कुजतात, जांभळाची आणि सातविणीची चिवट पाने अधिक वेळ घेतात. दोन्ही जागच्या जागी राहू दिली, तर मातीतील ओल टिकते. बुंध्यापासून हातभर अंतर मात्र मोकळे ठेवावे, कारण दिल्लीच्या कोरड्या हवेत पानांच्या जाड थरात वाळवी लवकर येते. ज्यांना वाळकी पाने अस्वच्छ वाटतात, त्यांच्यासाठी अडुळशाची किंवा कोरांटीची एक रांग कडेने लावणे हा उपाय पुरेसा आहे; तिच्यामागे पाने पडून राहिली, तरी ती डोळ्यांवर येत नाहीत.

काही झाडांखाली काहीच लावू नये, असेही या पुस्तकात सांगितलेले आढळेल, आणि लागवडीच्या पुस्तकात हे विचित्र वाटण्याचा संभव आहे. पिलखनाच्या उघड्या मुळ्यांवर, जुन्या वडाच्या पारंब्यांमध्ये किंवा जेथे रोज माणसे बसतात-उठतात अशा जागी लागवड म्हणजे झाडाला आणि माणसांना दोघांनाही त्रास होय. गावाकडच्या पिंपळाखाली पार बांधलेला असतो, त्यावर गप्पा रंगतात, आणि पाराखाली फुलझाडे का नाहीत असे कोणी विचारत नाही. दिल्लीतील संकुलांतही अशा जागा असू द्याव्यात. पार सिमेंटने लिंपण्याऐवजी सुट्या दगडांचा रचावा, म्हणजे सांध्यांतून पाणी मुरते.

पुस्तकाची मांडणी वनस्पतींच्या वर्णानुक्रमाने न करता झाडांच्या अनुक्रमाने केलेली आहे, ते याच भूमिकेला धरून. कडुनिंब, जांभूळ, सातवीण, शिरीष, बहावा, पिलखन आणि निलगिरी यांना प्रत्येकी एक प्रकरण दिलेले असून त्यात त्या झाडाची पानगळ, मुळांची ठेवण आणि उत्तर-दक्षिण बाजूंचा प्रकाश यांचे वर्णन आधी येते, शिफारशी नंतर. प्रत्येक वनस्पतीचे मराठी नाव आणि दिल्लीच्या रोपवाटिकेत चालणारे हिंदी नाव शेजारी शेजारी दिलेले आहे, कारण ‘अडुळसा’ मागितला तर माळी मान हलवील आणि ‘अडूसा’ म्हटले की कुंपणाकडे बोट दाखवील. कुंड्यांतील लागवड, बहुमजली इमारतींची सावली आणि तळघरावरील स्लॅबवर माती पसरून केलेल्या बागा हे विषय जाणूनबुजून वगळले आहेत. तेथे सावली असली, तरी मुळांची स्पर्धा नसते, आणि या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक शिफारस त्या स्पर्धेला गृहीत धरूनच केलेली आहे.